फंडातलं घर

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. सिंगापुरातल्या मराठी माणसाने त्यात एक भर घालायला हरकत नाही : ‘आणि सीपीएफचं स्टेटमेंट पाहावं वाचून!’ गणपती असोत, कोजागिरी असो की कुणाकडचं हळदीकुंकू असो, बायकांच्या घोळक्यात साड्या आणि मुलांच्या परीक्षा बोलून झाल्या, पुरुषांच्या घोळक्यात क्रिकेट आणि राजकारण बोलून झालं, की दोन्ही घोळके एकाच विषयावर येऊन मिळतात. कोणी कुठे घर घेतलं, कितीला पडलं आणि त्यात सीपीएफ किती घातला. ‘सीपीएफ घातला’ हे आपण ‘वरून तूप घातलं’ इतक्या सहज म्हणतो. ते तूप कुणाच्या वाटचं असतं, याबद्दल थोडं लिहावंसं वाटलं.

मी काही गुंतवणूक सल्लागार नाही. एका शिपिंग कंपनीत हिशेब सांभाळते, एवढंच. तेव्हा हा सल्ला समजू नये. आमच्या घरात गेल्या वर्षी या विषयावर जे महाभारत झालं, त्याची ही हकीकत समजावी.

माझे बाबा तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९८४ साली त्यांनी सांगलीला विश्रामबागेत घर बांधलं, ते फंडातून पैसे काढून. आमच्या लहानपणी ‘फंड’ हा शब्द देवघरातल्या चांदीच्या निरांजनासारखा होता. आहे हे सगळ्यांना माहीत, पण हात लावायचा नाही. फंडातून उचल घेण्याचे दोन प्रकार असत, परतावा आणि ना-परतावा. परतावा म्हणजे पगारातून हप्त्याहप्त्याने परत भरायचे. ना-परतावा म्हणजे परत भरायचेच नाहीत, निवृत्तीच्या वेळी तेवढे कमी मिळणार. घरासाठी बाबांनी ना-परतावा घेतला. त्या कागदावर सही करताना त्यांनी आईला म्हटलं होतं, “आता म्हातारपणी फंडात काही राहणार नाही बरं का.” आई म्हणाली, “पेन्शन आहे की.”

आईचं हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं, ते नंतर सांगते. बाबा १९९६ साली निवृत्त झाले तेव्हा फंडाची रक्कम खरोखरच किरकोळ निघाली. पण पहिल्या तारखेला पेन्शन येत राहिली, आणि २०१९ मध्ये बाबा गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. घर फंडातून आलं, जेवण पेन्शनमधून आलं. दोन झरे होते. एक आटला तरी दुसरा वाहत होता.

आता इकडचं पाहू. सीपीएफ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड १ जुलै १९५५ रोजी सुरू झाला, म्हणजे सिंगापूर स्वतंत्र होण्याच्याही आधी. तेव्हा नोकराने पाच टक्के आणि मालकाने पाच टक्के भरायचे, असा साधा मामला होता. हेतू एकच, म्हातारपणाची सोय. १९६० मध्ये एचडीबी स्थापन झाली, १९६४ मध्ये सरकारी घरं भाड्याऐवजी मालकीने देण्याची योजना आली, पण पहिल्या रकमेसाठी लोकांकडे पैसे नव्हते. मग १९६८ मध्ये सरकारने ठरवलं की सीपीएफमधली रक्कम एचडीबीच्या घरासाठी वापरू द्यायची. एका निर्णयाने हा देश भाडेकरूंचा घरमालकांचा झाला असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आज इथल्या नागरिक आणि पीआर कुटुंबांपैकी दहातली नऊ स्वतःच्या घरात राहतात. १९८१ पासून खासगी घरांसाठीही सीपीएफ वापरता येऊ लागला.

आज पंचावन्न वर्षांपर्यंतच्या माणसाच्या पगारातून वीस टक्के कापले जातात आणि कंपनी सतरा टक्के घालते. (नवीन पीआर मंडळींना पहिली दोन वर्षं कमी दराने.) ही कापणी पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच होते, २०२६ पासून ती महिना ८,००० डॉलर आहे. जमा झालेली रक्कम ऑर्डिनरी, स्पेशल आणि मेडिसेव्ह अशा तीन खात्यांत वाटली जाते. घरासाठी वापरता येते ती ऑर्डिनरी खात्यातली. तिच्यावर किमान अडीच टक्के व्याज मिळतं, स्पेशलवर किमान चार टक्के.

आम्ही २००३ मध्ये इथे आलो, २००६ मध्ये पीआर झालो आणि २००९ मध्ये जुरोंग वेस्टला चार खोल्यांचा रीसेल फ्लॅट घेतला. (एचडीबीच्या हिशेबात चार खोल्या म्हणजे तीन बेडरूम. आपल्या वन-टू बीएचकेच्या हिशेबाने गेलेल्या आमच्या सासूबाई चौथी खोली बराच वेळ शोधत होत्या!) एजंटने आमचं बजेट विचारायच्या आधी, त्या महिन्यात त्या ब्लॉकमध्ये भारतीयांचा कोटा शिल्लक आहे का ते पाहिलं. प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या वंशांचे लोक मिसळून राहावेत म्हणून १९८९ पासून हा नियम आहे. आमच्या नशिबाने कोटा शिल्लक होता.

किंमत ठरली ३ लाख १५ हजार, मूल्यांकन आलं ३ लाख. वरचे पंधरा हजार रोख, कारण मूल्यांकनाच्या वरच्या रकमेला सीपीएफ चालत नाही. आणखी पंधरा हजार रोख. ३५ हजार दोघांच्या सीपीएफमधून आणि अडीच लाखांचं बँकेचं कर्ज. हप्ता साधारण हजार डॉलर, तोही सीपीएफमधून परस्पर. खिशातून एक सेंट जात नव्हता. मुलीची शाळा, सांगलीचे पैसे, वर्षातून एकदा चार जणांची विमानाची तिकिटं, हे सगळं पगारातून निभावत होतं ते केवळ त्यामुळे. सीपीएफमधून हप्ता गेला की दुखत नाही. पण ज्याला दुखत नाही त्याच्याकडे आपण लक्षही देत नाही.

आमचे दीर न्यू जर्सीला आहेत. त्यांना मी एकदा फोनवर हे सगळं सांगितलं तर ते चकितच झाले. “वहिनी, निवृत्तीच्या पैशाच्या घरात तुम्ही स्वतः राहता? आमच्याकडे हे केलं तर अख्खं खातंच मोडतं!” अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने आयआरए नावाची निवृत्तिखाती आली. बहुतेक लोक त्यात शेअर आणि म्युच्युअल फंड ठेवतात, पण ‘सेल्फ-डायरेक्टेड’ म्हणजे स्वतः चालवायच्या खात्यातून घर किंवा जमीनही घेता येते. मात्र घर खात्याच्या नावाने, कस्टोडियनमार्फत घ्यावं लागतं. त्यात आपण राहायचं नाही, नवरा-बायकोने, आईवडिलांनी, मुलांनी राहायचं नाही, त्यांच्याकडून ते विकतही घ्यायचं नाही. भाडं आलं तर खात्यात, नळ फुटला तर दुरुस्तीचा खर्च खात्यातूनच. दीर म्हणाले, त्यांच्या सल्लागाराने तर स्वतः ब्रश घेऊन भिंतीला रंग देऊ नका म्हणून बजावलंय. नियम मोडला तर संपूर्ण खातं त्या वर्षी काढून घेतलं असं धरून त्यावर कर लागतो. आणि वयाची त्र्याहत्तरी आली की पारंपरिक खात्यातून दरवर्षी ठराविक रक्कम काढावीच लागते. खात्यात सगळं घरच असेल तर काय, दरवर्षी चार विटा काढून द्यायच्या?

मेलबर्नच्या माझ्या मैत्रिणीकडेही तसंच. ऑस्ट्रेलियात कुटुंबापुरता स्वतःचा निवृत्ती फंड काढता येतो, त्यातून फ्लॅटही घेता येतो, २००७ पासून काही अटींवर कर्ज काढूनही. पण त्या फ्लॅटमध्ये फंडाच्या सभासदाने किंवा त्याच्या नातेवाइकाने राहायचं नाही, भाडं भरूनसुद्धा नाही. तिचा मुलगा त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहून शिकला आणि फंडाच्या फ्लॅटमध्ये परकी मुलं राहिली. “सख्ख्या मुलाला दार बंद आणि परक्यांना उघडं,” असं ती वैतागून म्हणायची.

मला सुरुवातीला हे सगळं विचित्र वाटलं. आपलाच पैसा, आपलंच घर, मग राहायला का नको? पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हळूहळू त्यातलं तर्कट कळतं. ते लोक म्हणतात, निवृत्तीच्या पैशातलं घर हे कमावतं घर असलं पाहिजे. त्याने भाडं आणावं आणि ते भाडं म्हातारपणासाठी साठावं. तुम्ही स्वतःच त्यात राहिलात तर ते कमावणार कसं? सिंगापूर म्हणतं, म्हाताऱ्या माणसाची पहिली गरज डोक्यावर छप्पर ही आहे, तेव्हा खुशाल राहा, फक्त एक अट. ती अट म्हणजे ज्याला आपण कंटाळून ‘अक्रूड इंटरेस्ट’ म्हणतो आणि ज्याच्याबद्दल दर मेळाव्यात कुणीतरी तावातावाने बोलतं.

अट अशी : घरासाठी सीपीएफमधून जेवढे काढले तेवढे, आणि ते खात्यातच राहिले असते तर जे व्याज मिळालं असतं तेही, घर विकल्यावर आपल्याच सीपीएफ खात्यात परत टाकायचे. म्हणजे बाबांच्या भाषेत सांगायचं तर हा परतावाच आहे. फरक इतकाच की हप्ते आज नाहीत, सगळं एकदम विक्रीच्या दिवशी. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने अठ्ठावीस वर्षांत रक्कम जवळजवळ दुप्पट होते. दिलासा एवढाच की घर बाजारभावाने विकलं आणि तरीही रक्कम पुरली नाही, तर उरलेली खिशातून भरावी लागत नाही.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, माझ्या नवऱ्याने एका रविवारी नाश्त्याला जाहीर केलं, “आपण कॉन्डो घेऊया.” तो तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. त्याच्या ऑफिसातले बहुतेक जण कधीच कॉन्डोत गेले होते. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. वीस-बावीस वर्षं इथे राबलो, मुलीचं शिक्षण संपत आलं, आता नाही तर कधी? आणि घरच आपली पेन्शन. भाव वाढतील, म्हातारपणी विकू, आरामात राहू. “बाबांनीसुद्धा फंड रिकामा करून घर बांधलंच ना?” असंही वर.

मी भांडले नाही. जेवणाच्या टेबलावर कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

आमचा फ्लॅट तेव्हा ५ लाख ३० हजारांना गेला असता. बँकेचं उरलेलं कर्ज सुमारे १ लाख २० हजार. सीपीएफमधून सोळा वर्षांत काढलेले २ लाख २७ हजार, त्यावरचं व्याज सुमारे ६० हजार, म्हणजे दोघांच्या खात्यांत परत २ लाख ८७ हजार. हातात रोख उरले १ लाख २३ हजार, त्यातून दलाली आणि वकील वजा.

आता कॉन्डो. आम्ही पाहिलेला १५ लाखांचा होता. त्यावर नेहमीची स्टॅम्प ड्युटी ४४,६०० आणि पीआर म्हणून पहिल्या घरावरही पाच टक्के जादा, म्हणजे ७५,०००. दोन्ही मिळून १ लाख १९ हजार ६००. सोळा वर्षांच्या संसारातून उरलेली रोकड आणि दाराशी द्यायची ड्युटी, दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच! पुढे पंचवीस टक्के, म्हणजे पावणेचार लाख, पहिली रक्कम. त्यात किमान पाच टक्के रोख, बाकी सीपीएफमधून, म्हणजे परत आलेले पैसे खात्यात टेकतात न टेकतात तोच पुन्हा बाहेर. आणि उरलेलं सव्वाअकरा लाखांचं कर्ज. मुदत पासष्टीच्या पलीकडे नेली तर बँक कमी टक्के कर्ज देते, म्हणून बारा वर्षांत फेडायचं. तीन टक्क्यांनी हप्ता धरला तर महिना नऊ हजार तीनशे.

नवरा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, “पण घर तर आपलंच राहील ना?” मी विचारलं, “हो. पण पासष्टाव्या वर्षी पहिल्या तारखेला ते आपल्याला काय देईल?”

इथे मला आईचं वाक्य आठवलं. ‘पेन्शन आहे की.’ बाबांनी फंड रिकामा केला तो दुसरा झरा आहे हे माहीत असताना. सिंगापुरात आपल्यासारख्या खासगी नोकरदारांना वेगळी पेन्शन नाही. २००९ मध्ये सीपीएफ लाइफ आली, तीच इथली पेन्शन. ती पासष्टीपासून सुरू होते आणि माणूस जिवंत असेपर्यंत मिळते. पण ती येते कुठून? त्याच सीपीएफमधून. पंचावन्न पूर्ण झाल्यावर आपल्या स्पेशल आणि मग ऑर्डिनरी खात्यातून पैसे उचलून निवृत्तीचं खातं तयार होतं. २०२६ मध्ये पंचावन्न पूर्ण करणाऱ्यांसाठी पूर्ण रक्कम आहे २,२०,४०० डॉलर, त्यावर पासष्टीपासून महिना सतराशेच्या आसपास मिळू शकतात. पंचाण्णव वर्षांपर्यंत पुरेल एवढ्या लीजचं घर असेल तर निम्मी रक्कम ठेवूनही चालतं, पण मग महिन्याचे पैसेही साधारण निम्मेच. म्हणजे बाबांना घर फंडातून आणि पेन्शन सरकारकडून. आम्हाला घर आणि पेन्शन दोन्ही एकाच घागरीतून. घरासाठी घागर तिरकी केली की तेवढं पाणी पेन्शनमधून गेलं.

(भारतातही आता चित्र बदललंय. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना बाबांसारखी जुनी पेन्शन राहिली नाही, म्हणून तर मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. माझा मामेभाऊ त्यात होता. तेव्हा ‘बाबांनी केलं म्हणून आपणही करू’ हे तिकडेही आता चालण्यासारखं नाही.)

आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी अंकल राहतात, पंचाहत्तरीचे. संध्याकाळी व्हॉइड डेकवर बसलेले असतात. घराच्या किमती वाढल्या म्हणून मी एकदा त्यांचं अभिनंदन केलं तर ते हसून म्हणाले, “हाऊस कॅनॉट ईट, ला!” त्यांनी लीज बायबॅक घेतलं आहे. म्हणजे नव्याण्णव वर्षांच्या लीजमधली आपल्याला लागणारी वर्षं ठेवायची आणि शेपटाकडची वर्षं एचडीबीला विकायची. ते पैसे निवृत्तीच्या खात्यात जातात आणि महिन्याची रक्कम वाढते. घर तेच, शेजार तोच, पण घरातलं थोडंसं घर ते दर महिन्याला खातात! ही सोय २००९ पासून आहे. पण मालकांपैकी किमान एक जण नागरिक असावा लागतो, त्यामुळे आम्हा पीआर मंडळींना ती नाही.

आणि इथेच आमच्या घरातला खरा प्रश्न उघडा पडला. तो कॉन्डोचा नव्हताच. आपण म्हातारे कुठे होणार, हा होता. इतकी वर्षं हा प्रश्न आम्ही दोघांनी गोड बोलून पुढे ढकलला होता. नवऱ्याला पुण्याला परत जायचं नाही. त्याचे मित्र इथे, चालायची जागा इथे, दवाखाना खाली उतरलं की समोर. मला सांगलीला एकटी असलेली आई दिसते. मुलगी म्हणते, मी इथेच राहणार, तुम्ही काय ते ठरवा. घराचा हिशेब या उत्तराप्रमाणे पूर्णपणे बदलतो, हे त्या टेबलावर पहिल्यांदा स्पष्ट झालं.

परत जायचं ठरलं तर? पीआर सोडून सिंगापूर आणि पश्चिम मलेशिया कायमचं सोडणाऱ्या परदेशी माणसाला सीपीएफची सगळी रक्कम काढता येते. म्हणजे घर विकून खात्यात परत गेलेले २ लाख ८७ हजार बुडत नाहीत, ते आपलेच आणि ते हातात येतात. ‘अक्रूड इंटरेस्ट सरकार घेतं’ असं जे मेळाव्यात ऐकू येतं, ते बरोबर नाही. ते आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. फक्त इथे राहणाऱ्याचा दुसरा खिसा पासष्टीपर्यंत शिवलेला असतो. पण परत जाऊन फ्लॅट भाड्याने देऊ आणि ते भाडं पुण्यात खाऊ, असं जर कुणाच्या मनात असेल तर ते नाही जमणार. पीआर मालकाला एचडीबीचा अख्खा फ्लॅट भाड्याने देता येत नाही. जायचं तर विकूनच.

राहायचं ठरलं तर? मग लीज मोजायला हवं. आमची इमारत १९९७ ची, म्हणजे आज सत्तर वर्षं शिल्लक. २०१९ पासूनचा नियम असा की, घेणाऱ्यांपैकी सर्वांत तरुण माणूस पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत लीज पुरत नसेल तर त्याला सीपीएफ कमी प्रमाणात वापरता येतो. आज पंचविशीतलं जोडपं आमचं घर पूर्ण सीपीएफ वापरून घेऊ शकेल. पण आम्ही वीस वर्षांनी विकायला काढलं तर पन्नास वर्षं उरलेली असतील, आणि पस्तिशीतल्या गिऱ्हाइकाला हात आखडता घ्यावा लागेल. घर म्हणजे पेन्शन म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवावं की ही पेन्शन वयाबरोबर आपल्यासारखीच म्हातारी होते.

तीन रविवार आम्ही त्या टेबलावर बसलो. दुसऱ्या रविवारी आवाज चढले, मुलगी कानाला हेडफोन लावून बाहेर निघून गेली. नवरा म्हणाला, “तुला कागदावरचं सगळं कळतं. पण मी पन्नाशीनंतरही त्याच लिफ्टने वर यायचं का?” याला माझ्या कागदावर उत्तर नव्हतं. माणूस घर फक्त हिशेबासाठी घेत नाही. चाळीतून फ्लॅटमध्ये आणि फ्लॅटमधून बंगल्यात जाण्याची जी ओढ आपल्या पिढीला लागली, ती कर्जाच्या तक्त्यात मांडता येत नाही. मी तेव्हा गप्प बसले आणि चहा ठेवला.

तिसऱ्या रविवारी तोच म्हणाला, “नको कॉन्डो.” पण त्याने दोन अटी घातल्या. एक, स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम नव्याने करायची, रोख पैशाने. दोन, वर्षाच्या बोनसमधला तिसरा हिस्सा सीपीएफमध्ये परत भरायचा. घर न विकताही घरासाठी काढलेली रक्कम हवी तेवढी, हवी तेव्हा रोखीने परत भरता येते. ती पुन्हा खात्यात व्याज मिळवू लागते आणि पुढे विक्रीच्या वेळी परत टाकायची रक्कम तेवढी कमी होते. ही त्याची सूचना, माझी नव्हे, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. पहिला हप्ता यंदा भरला. घागरीत पाणी परत ओतता येतं हे आपल्यापैकी फार थोड्या लोकांना माहीत आहे असं मला दिसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी दोन शब्द. एम्प्लॉयमेंट पासवर असाल तर तुम्हाला सीपीएफ नाही, एचडीबीचं घर विकत घेता येत नाही, आणि एप्रिल २०२३ पासून बहुतेक परदेशी माणसांना खासगी घरावर साठ टक्के जादा ड्युटी आहे. पण २००१ पासूनची एसआरएस योजना तुम्हाला खुली आहे. वर्षाला ३५,७०० डॉलरपर्यंत भरता येतात आणि त्यावर करसवलत मिळते. त्या पैशातून सरळ घर घेता येत नाही, पण बाजारात नोंदलेल्या रीटचे भाग घेता येतात. म्हणजे भाडं आणणाऱ्या इमारतींचा एक छोटा तुकडा. गंमत म्हणजे सिंगापूरच्या बाजारात नोंदलेल्या एका ट्रस्टच्या मालकीचं हिंजवडीला आयटी पार्क आहे. ज्या हिंजवडीतून आपली मुलं इकडे आली, तिचं भाडं इकडून खायचं! पीआर मंडळींना सीपीएफमधूनही, ऑर्डिनरी खात्यात वीस हजार शिल्लक ठेवून आणि मर्यादेत राहून, अशी गुंतवणूक करता येते. पण अडीच टक्के खात्रीचे सोडून आपण चढउतार पत्करतोय, हे विसरू नये.

आणि आता पीआर होऊन घर घेत असाल, तर दोन्ही नवराबायको पीआर असल्यास २०१३ पासून रीसेल फ्लॅटसाठी तीन वर्षं थांबावं लागतं. भारतात तुमच्या नावावर घर असेल तर त्याबद्दलचा नियमही आधी विचारून घ्या. त्या तीन वर्षांत घरं जरूर बघा. पण एका संध्याकाळी मुलं झोपल्यावर टेबलावर बसा आणि एकमेकांना विचारा, आपण म्हातारे कुठे होणार? उत्तर एक येणार नाही. आमचंही आलेलं नाही. २०३० पर्यंत ठरवायचं, एवढंच ठरलंय. तोवर दर महिन्याला आईच्या खात्यात पेन्शन जमा झाली की तिचा फोन येतो, “आली गं!” आणि नवरा पलीकडून विचारतो, “किती?”